मुदत संपली, मीटर सुरू

मराठी माणसाला धंद्यातलं कळत नाही, असं मराठी माणूसच चारचौघांत सांगत फिरतो. त्याला आज वडापावची गाडी सोडून एक चोख धंदा सुचवतो. यात नवा माल काढायचा नसतो, गोदाम लागत नाही आणि गिऱ्हाईक पळून जात नाही, कारण पळायला वाटच ठेवलेली नसते. धंदा आहे कालबाह्य ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळण्याचा.

यातले गुरू अर्थातच मायक्रोसॉफ्ट. कृती सोपी आहे. आधी माल विकायचा. लोकांच्या हाडीमाशी भिनला, की त्याच्या मरणाची, म्हणजे सुरक्षेची ठिगळं (पॅच) बंद होण्याची, तारीख जाहीर करायची. विंडोज एक्सपीची तारीख होती 8 एप्रिल 2014. ब्रिटिश सरकारने 55 लाख पौंड मोजून वर्षभराची मुदतवाढ घेतली. 2015 मध्ये अमेरिकी नौदलाने 91 लाख डॉलरचा करार केला. ज्या नौदलाला जगातला कुठलाही समुद्र अडवत नाही, त्याला एक्सपी सुटत नव्हती.

आपणही मागे नव्हतो. बँकांनी एटीएममधली मुदतबाह्य सिस्टिम टप्प्याटप्प्याने जून 2019 पर्यंत बदलावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेला जून 2018 मध्ये काढावा लागला. नोटा बाद करायला एक रात्र पुरली. एटीएमच्या पोटातली एक्सपी बाद करायला पाच वर्षंही कमी पडत होती.

आता दरपत्रक पाहा. विंडोज 10 ने 14 ऑक्टोबर 2025 ला अधिकृतपणे मान टाकली. मुदतवाढीसाठी कंपन्यांना पहिल्या वर्षी दर यंत्रामागे 61 डॉलर, दुसऱ्या वर्षी 122, तिसऱ्या वर्षी 244. माल तोच, दर दरवर्षी दुप्पट. एखाद्या शहाण्याने पहिलं वर्ष तसंच ढकललं आणि दुसऱ्या वर्षी दार ठोठावलं, तर आधीच्या वर्षाचे पैसेही भरायचे. सेवा घेतली नाही त्या काळाची थकबाकी वसूल करणं आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही अजून सुचलेलं नाही. घरगुती गिऱ्हाइकांना मात्र एका वर्षासाठी 30 डॉलर, किंवा आपल्या सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवायला तयार असाल तर फुकट.

कुणी म्हणेल, जुन्या सिस्टिमसाठी खास माणसं बसवावी लागतात, खर्च येतो. येतोच. पण मे 2017 ची गोष्ट ऐका. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरची यंत्रं ओलीस धरली, ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत रुग्णांच्या तारखा रद्द झाल्या. तेव्हा मायक्रोसॉफ्टने मोठ्या मनाने एक्सपीसाठीही ठिगळ फुकट वाटलं. जाणकारांनी फाइल उलगडून पाहिली, तर तिच्यावरची डिजिटल सही फेब्रुवारीतली! पैसे भरणाऱ्यांसाठी ठिगळ केव्हाच शिवून तयार होतं. बाकीच्यांना आग लागल्यावर मिळालं. आणि गिऱ्हाइकाची थोरवी अशी, की त्या इस्पितळांतली बाधित यंत्रं बहुतांशी विंडोज 7 ची होती. त्यांचं ठिगळ मार्चपासून फुकट उपलब्ध होतं, फक्त कुणी लावलं नव्हतं.

एवढं भांडवल नसलेल्यांनी पुण्याजवळच्या भोसरीत शिकवणी धरावी. तिथल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये पंचवीस लाखांचं मशीन असतं आणि त्याला हुकूम सोडणारा पीसी एक्सपीवरचा. मशीनचं कार्ड नव्या मदरबोर्डात बसत नाही, ड्रायव्हर बनवणारी कंपनी बुडालेली. पीसीवर चिकटपट्टीने कागद लावलेला असतो: ‘नेट जोडू नये, पेन ड्राइव्ह लावू नये, विचारल्याशिवाय बंद करू नये.’ तो पीसी बसला, की एक मामा येतात. पिशवीत भंगारातून उचललेल्या रॅमच्या पट्ट्या, दोन जुन्या हार्ड डिस्क, एक फुंकणी. आधी धूळ उडवतात, मग सगळं सुरू करून दाखवतात आणि हजारभर रुपये सांगतात. मालक म्हणतो, ‘मामा, जरा कमी करा.’ पंचवीस लाखांचं मशीन सुरू करणारा माणूस आठशेवर येतो. मराठी माणसाला धंदा कळत नाही तो असा! मामांनी आज हजार, पुढच्या खेपेला दोन हजार, त्यापुढे चार हजार सांगून वर मधल्या काळात न आल्याचेही पैसे लावले असते, तर लोकांनी त्यांना लुटारू म्हटलं असतं. हेच इंग्रजीत छापून दिलं, की त्याला धोरण म्हणतात.

तेव्हा तरुणांनो, धंद्याचं मर्म नीट लिहून घ्या: ठिगळ शिवण्यात फार पैसा नाही, ते कुणाला द्यायचं नाही यात आहे. यंत्रसामग्रीत बसवायच्या विंडोज 10 च्या एका खास आवृत्तीला कंपनी स्वतःच जानेवारी 2032 पर्यंत सांभाळणार आहे. म्हणजे सिस्टिम धडधाकट आहे. मृत्यूचा दाखला फक्त तुमच्या-आमच्या पत्त्यावर आलाय, आणि तो रद्द करून घ्यायचा खिडकी क्रमांक एकवर, रोखीने.