घाटघरात बसून कंपनीत सहकार्य कसे करावे

हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्याच्या काचेच्या इमारतीत नोकरी करणारे आणि घरून काम करण्याची परवानगी मिळताच जुन्नर तालुक्यातल्या घाटघरला मूळ घरी येऊन बसलेले जे कर्मचारी आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांच्या कंपनीत दहा-वीसच माणसे आहेत त्यांनी ते वाचण्याचे कारण नाही. त्यांचे अडले तर ते हाक मारतात. सहकार्याची साधने लागतात ती लाखोंच्या कंपन्यांना. तिथे शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याचे नाव काय, हे पाहायलाही ॲप उघडावे लागते. म्हणून अशा कंपन्यांनी आपल्या आवारापुरती फेसबुकासारखी माध्यमे उभारली. टीसीएसने ‘नोम’ काढले, इन्फोसिसने ‘इन्फीबबल’. ज्यांना स्वतः बांधायचे नव्हते त्यांनी यॅमर, स्लॅक, वर्कप्लेस, टीम्स यांपैकी काहीतरी घेतले. तुमच्या कंपनीत यांतले एक असेलच. बहुधा तीन असतील, आणि कुठले कशासाठी वापरायचे याचे पत्रक ईमेलने येत असेल.

प्रथम जागा पाहावी. जुन्नरहून आपटाळे, चावंड करत घाटघरला आले की समोर जीवधन आणि त्याला चिकटून उभा वानरलिंगीचा सुळका स्पष्ट दिसतो. मोबाइलच्या पडद्यावरच्या काड्या तितक्या स्पष्ट दिसतील असे नाही. रेंज नेमकी कुठे येते हे कंपनीच्या आयटी विभागाला सांगता येत नाही, गुरांमागे जाणाऱ्या पोराला सांगता येते. तो दाखवील तो खडक आपले कार्यालय समजावे. आषाढात हा खडक धुक्यात जातो. तेव्हा ‘कनेक्टिव्हिटी इश्यू’ एवढेच कळवावे. ‘धुके आहे’ असे खरे लिहिले तर लोक फोटो मागतात.

मग मनाची तयारी. साधनावर श्रद्धा नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ आहे. २००६ साली अँड्र्यू मॅकफी या प्राध्यापकांनी या प्रकाराला ‘एंटरप्राइझ २.०’ असे नाव दिले. कर्मचाऱ्यांना मोकळेपणी लिहू द्या, दुवे जोडू द्या, कंपनीचे ज्ञान आपसूक वर येईल, असा त्याचा गाभा. २०१२मध्ये मॅकिन्सीच्या संशोधन संस्थेने हिशेब केला, की ही साधने पुरती रुजली तर बैठे बौद्धिक काम करणाऱ्यांची उत्पादकता २० ते २५ टक्क्यांनी वाढू शकते. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १२० कोटी डॉलर मोजून यॅमर विकत घेतले. फ्रान्सच्या ॲटॉस कंपनीचे प्रमुख थिएरी ब्रेतों यांनी तर २०११मध्येच जाहीर केले होते, की तीन वर्षांत कंपनीच्या आतले ईमेल बंद. एवढी मोठी माणसे म्हणतात तर त्यात काही तथ्य असणारच, असे सकाळी लॉगिन करताना मनाशी म्हणावे. २०१३ साली गार्टनरने वर्तवले होते की अशा प्रयत्नांपैकी ८० टक्के प्रयत्न अपेक्षित फळ देणार नाहीत. ते वाचू नये. वाचलेच तर आपली कंपनी उरलेल्या २० टक्क्यांत आहे असे धरून चालावे. सगळ्याच कंपन्या तसे धरून चालतात.

आता प्रत्यक्ष पोस्ट. हिंजवडीत यासाठी कार्यशाळा घेतात आणि शेवटी प्रमाणपत्र देतात. घाटघरकरांना त्याची गरज नाही. गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर नाणेघाट आहे आणि तिथल्या लेण्यात या विषयाचा सर्वांत जुना अभ्यासक्रम भिंतीवर कोरून ठेवला आहे. कोकणच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने चढून जुन्नरच्या पेठेत यायचा. माल वाहणारा, विकणारा, जकात घेणारा, झाडून सगळे इथूनच जाणार, हे हेरून सातवाहनांनी घाटाच्या तोंडाशी लेणे खोदले आणि इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास त्यात भिंतभर मजकूर लिहवला. राणी नागनिकेचा लेख म्हणून तो ओळखला जातो. कुणालाही ‘कृपया आमच्या पानाला भेट द्या’ असे सांगावे लागले नाही. येणाऱ्याची नजर जिथे पडणारच आहे, तिथेच लिहावे.

लेखाची सुरुवात पाहा. आधी ‘सिद्धं’, मग धर्माला नमन, इंद्राला नमन, संकर्षण-वासुदेवांना, चंद्र-सूर्यांना, आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चारही लोकपालांना नमन. मुद्दा अजून सुरू झालेला नाही. याला आज टॅग करणे म्हणतात, आणि कंपनीतही क्रम हाच ठेवावा: आधी उपाध्यक्ष, मग विभागप्रमुख, मग चार दिशांचे चार व्यवस्थापक. एकाही लोकपालाला वगळू नये. ज्याला वगळाल तोच तुमच्या वार्षिक मूल्यमापनाच्या समितीवर असतो.

नमनानंतर आकडे. लेखात यज्ञांची यादी आहे आणि प्रत्येक यज्ञापुढे दक्षिणा: गाई, घोडे, हत्ती, गावे, नाणी. कुठे किती मोघम सोडलेले नाही. एके ठिकाणी दक्षिणा २४,४०० कार्षापण (तेव्हाची नाणी) लिहिली आहे. तुम्हीही ‘टीमने चांगले काम केले’ असे लिहू नये. ‘टीमने ४१ टिकिटे बंद केली’ असे लिहावे. त्यांतली किती दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली, हे नागनिकाही सांगत नाही. आणखी एक बारकावा आहे. राजाने काय काय केले ते सगळे भिंतीवर आहे. घाटाची वाट ज्यांनी फोडली, त्या खडकात ज्यांनी छिन्नी चालवली, त्यांच्यापैकी कुणालाही टॅग केलेले नाही. दोन हजार वर्षांत या प्रथेत फारसा फरक पडलेला नाही, तेव्हा तुम्हीही उगाच नवा पायंडा पाडू नये.

त्याच ओळीत २४,४००च्या पुढे आणखी एक रक्कम आहे, आणि मला तिचे फार कौतुक वाटते: ६,००१ कार्षापण, यज्ञ बघायला आलेल्यांसाठी. बघ्यांना पैसे! कंपन्यांच्या अंतर्गत माध्यमांत जे कोडे कुणाला सुटले नाही, ते इथे रोखीने सोडवले आहे. जेकब नील्सन यांनी २००६मध्ये मांडलेला ठोकताळा असा, की अशा कुठल्याही ठिकाणी १००तली ९० माणसे नुसती बघतात, ९ अधूनमधून काही बोलतात आणि बहुतेक लिखाण उरलेला एक जण करतो. तो एक जण तुमच्या कार्यालयात कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे; सकाळी आठला सुविचार टाकणारा तोच. मनुष्यबळ विभाग या ९० जणांना बोलते करण्यासाठी बिल्ले, गुण, ‘महिन्याचा सहकारी’ अशी पारितोषिके काढतो. त्यापेक्षा सातवाहनांचा दर लावून पाहावा.

लेण्यात राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्तीही होत्या. आज मूर्ती गेल्या, वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत: सिमुक, सातकर्णी, नागनिका, कुमार. म्हणजे फोटो गेला तरी खाते दिसत राहते. लिपीचा विसर पडला आणि एकोणिसाव्या शतकात ती पुन्हा वाचता येऊ लागेपर्यंत भिंतीवरच्या मजकुराला एकही वाचक नव्हता, तरी मजकूर जागेवर होता. आपल्या साधनांना एवढा दम नाही. फेसबुकने २०१६मध्ये थाटात काढलेले ‘वर्कप्लेस’ गुंडाळत असल्याचे मेटाने २०२४मध्ये जाहीर केले. यॅमरचे नाव २०२३मध्ये ‘व्हिवा एंगेज’ झाले. म्हणून मोठी पोस्ट लिहिण्यापूर्वी साधन किती दिवसांचे सोबती आहे, याची चौकशी करावी. शंका असेल तर वानरलिंगीच्या बाजूला कातळ बराच मोकळा आहे. (पुरातत्त्व खात्याची परवानगी लागेल, हे वाक्य कायदा विभागाच्या सूचनेवरून घातले आहे.)

दुसऱ्याच्या पोस्टवर प्रतिक्रिया देणे ही वेगळी विद्या आहे. तिचे तंत्र कळायला पावसाळ्यात नाणेघाटाच्या कड्यावर उभे राहावे, अर्थात कठड्याच्या अलीकडे. इथे दरीत पडणारे पाणी खालून येणारा वारा उचलतो आणि परत वर फेकतो. हा उलटा धबधबा पाहायला पुण्या-मुंबईहून गाड्यांची रांग लागते. कार्यालयात तो रोज असतो. उपाध्यक्षांनी सकाळी ‘आपण एक कुटुंब आहोत’ असे वरून सोडले की पाच मिनिटांत खालून शंभर तुषार उडतात: अगदी खरे सर, प्रेरणादायी सर, माझ्या मनातले बोललात सर. जमिनीला थेंब लागत नाही. तुमचा तुषार पहिल्या दहांत असावा. पहिलाच असू नये; त्याने तुमच्याकडे काम कमी आहे असे दिसते.

एक कडक निषेध. अडलेले काम या माध्यमावर कधीही विचारू नये. ‘या रिपोर्टचा आकडा जुळत नाही, कुणी सांगेल का?’ असे सहज विचारावेसे वाटेल. साधन त्यासाठीच घेतले आहे असे पत्रकातही छापलेले असेल. तरीही नाही. असा प्रश्न विचारताच तीन लाख लोकांना कळते की तुम्हाला आकडा जुळवता येत नाही. उत्तर येते ते ‘ऑफलाइन बोलू या’, आणि पुढे कुणीच बोलत नाही. मग लोक काय करतात? प्रत्येक कार्यालयात पाच-सहा जणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो, त्याचे नाव ‘चहा’ किंवा ‘वडापाव’ असते आणि तो सुरक्षा धोरणात बसत नाही. आकडा तिथे जुळतो. रात्री अकराला कुणीतरी ‘अरे कॉलम सी बघ’ एवढेच लिहितो आणि झोपतो. दुसऱ्या दिवशी या यशाची पोस्ट अधिकृत माध्यमावर टाकावी, आणि तिथे ‘क्रॉस-फंक्शनल सहकार्या’चे आभार मानावेत. ‘वडापाव’चे नाव चुकूनही घेऊ नये.

आपण जे करतो ते खरोखर सहकार्य आहे का, अशी शंका काहींना येते. ती येऊ नये म्हणून याच तालुक्यातल्या खोडदच्या बाजूला फिरकू नये. तिथे प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, १४ मधोमध गर्दी करून, १६ तीन दिशांना पांगलेल्या, सगळा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. सगळ्या एकाच वेळी आभाळाच्या एकाच तुकड्याकडे तोंड करतात आणि जे कानावर आले ते फायबरने मध्यवर्ती खोलीत पाठवतात. तिथे प्रत्येकीचे म्हणणे दुसऱ्या प्रत्येकीशी ताडून पाहतात, ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात, आणि तेव्हा कुठे एक चित्र बनते. एकीचे जुळले नाही तर ते लगेच उघडे पडते. कुणी कुणाला ‘ग्रेट इनसाइट’ म्हणत नाही. मोबाइलच्या लहरींचा तर तिथे उपद्रवच होतो. कर्मचाऱ्याच्या मनावर अशा दृश्याचा परिणाम चांगला होत नाही.

घरातच बसावे म्हणावे, तर घाटघरात त्याहून मोठा धोका आहे. वैशाखात तुम्ही खडकावर बसून ‘सहकार्य सप्ताहा’च्या फॉर्ममध्ये रकाने भरत असता, आणि खालून शेजारचे मामा विचारतात, “उद्या येतो का रं बांधाव?” उत्तर एका शब्दाचे असते. मामा बोलावतात ते पडकईला. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, महादेव कोळ्यांच्या गावांत, डोंगरउतारावर भाताची खाचरे काढण्याची ही जुनी रीत. उतार फोडायचा, दगड रचून बांध घालायचा, माती ओढून जमीन सपाट करायची. एका कुटुंबाच्या हाताने हे होत नाही. म्हणून आज सगळे तुमच्याकडे, उद्या सगळे त्यांच्याकडे. आंबेगावात डिंभे धरणाच्या विस्थापितांबरोबर राबणाऱ्या कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने हीच पडकई हाताशी धरून काम उभे केले, ते तिला आधी नवे नाव न देता. त्यांनी मॅकफी वाचले होते की नाही, कळायला मार्ग नाही.

कंपनीच्या नजरेने पाहिले तर पडकईत दोष पुष्कळ आहेत. अजेंडा नाही. इतिवृत्त नाही. कोण आले आणि कोण नाही हे कुणी लिहून ठेवत नाही, तरी सगळ्या गावाला पाठ असते, आणि ही नोंद मिटवण्याची सोय कुठल्याच सेटिंगमध्ये नाही. नुसते बघायला येणाऱ्याला इथे ६,००१ सोडा, चहाही मिळत नाही. त्याच्या हातात घमेले देतात. ‘छान बांध घातलात मामा’ असे शेतात उभे राहून कुणी म्हणत नाही. बांध छान झाला की नाही हे पहिल्या मोठ्या पावसात पाणी सांगते.

ट्रेकला आलेले सहकारी एखाद्या दिवशी यात सापडले, तर त्यांना जाऊ द्यावे. सोमवारी कुदळ हातात धरलेल्या त्यांच्या फोटोला उपाध्यक्षांसकट दोनशे जणांची पसंती येईल आणि महिन्याभरात ‘प्रोजेक्ट पडकई’ नावाचा चॅनल निघेल. त्यात चारशे सदस्य असतील. तुम्ही त्याचे समन्वयक व्हाल, कारण गाव तुमचे. चॅनलवरची पहिली चर्चा टीशर्टच्या रंगावर होईल. तिला भरपूर वेळ द्यावा.

फेडीचा दिवस मात्र चुकवता येत नाही. तुमच्या बांधावर जे आले त्यांच्या बांधावर तुम्हाला जावेच लागते, आणि तो वार कंपनीच्या सुट्टीचा असतो असे नाही. त्या दिवशी स्टेटस काय ठेवावे यावर जाणकारांत मतभेद आहेत. ‘रजेवर’ ठेवले तर एक रजा जाते. ‘व्यस्त’ ठेवले तर कशात, असे विचारतात. अनुभवी माणसे ‘मीटिंगमध्ये’ ठेवतात, आणि त्यात खोटे काही नसते. दहा-बारा माणसे ठरल्या वेळी जमलेली असतात. बोलणे फारसे होत नाही, एवढेच.