गणपतीचं वाहन आणि टंगस्टन

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई-अप्पांना शि. सा. नमस्कार.

मनूची गाडी तुम्ही व्हिडिओ कॉलवर पाहिलीत, पण खरी हकीकत कॉलवर सांगता येत नाही. तुमचे चिरंजीव शेजारीच बसलेले असतात. म्हणून हे पत्र.

मनू इथे कब स्काउटला जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांची हिवाळ्यात पाइनवुड डर्बी असते. प्रत्येक मुलाला एक खोकं मिळतं. त्यात पाइनच्या लाकडाचा सात इंची ठोकळा, प्लॅस्टिकची चार चाकं आणि आसासाठी चार खिळे. त्यातून गाडी करायची. मोटर नाही, सेल नाही, उतारावर सोडली की आपल्या वजनानं पळते. वजन पाच औंसांच्या आत हवं, म्हणजे साधारण 142 ग्रॅम.

ही टूम काढली डॉन मर्फी नावाच्या गृहस्थांनी, 1953 साली, कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाला सोप बॉक्स डर्बीत, म्हणजे आत बसून उतारावरून गाडी हाकायच्या शर्यतीत, लहान म्हणून घेत नव्हते. मग त्यांनी हातात मावेल एवढी गाडी काढली. हेतू हा, की बापलेकांनी मिळून काहीतरी करावं. बिचारे मर्फी! बापच एकटे करत बसतील हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

मनूला विचारलं, गाडी कशी हवी? म्हणाली, "उंदीर."

"अगं, गाडी!"

"गणपतीचं वाहन आहे ना? मग गाडीच."

यावर अप्पांनाही काही सुचलं नसतं. चिरंजीवांना मात्र वारा कापणारी चपटी पाचर हवी होती. बरीच बोलणी होऊन शेवटी तह झाला: वरून उंदीर, आतून इंजिनिअर.

मग गराजमध्ये मुक्काम. कडाक्याची थंडी, आणि हे स्वेटरवर स्वेटर चढवून खिळे घासताहेत. आई, देवघराची फळी ठोकायला सुतार बोलावणारे ते हेच बरं का! खिळ्याच्या डोक्याखाली बारीक कंगोरे असतात, ते चाकाला अडतात. म्हणून खिळा ड्रिलमध्ये धरून फिरवायचा, आधी कानस लावायची, मग एकाहून एक बारीक पॉलिशपेपर. खिळ्यात तोंड दिसायला लागलं तेव्हा कुठे थांबले. आमच्या गटात चाकांना तेल चालत नाही, ग्रॅफाइटची पूड घालतात. ती चाकांत किती गेली देव जाणे. माझ्या ओट्यावर आणि यांच्या नाकावर भरपूर होती.

वजन मागे ठेवायचं असं शास्त्र आहे. गाडी उताराच्या माथ्यावर उभी असताना मागची बाजू जास्त उंचावर असते, त्यामुळे तिथल्या वजनाला खाली उतरायला उंची जास्त मिळते आणि वेग वाढतो. टंगस्टन शिशाहून जड, म्हणून त्याच्या गोळ्या मागवल्या. त्या उंदराच्या नेमक्या कुठे बसवल्या ते वडीलधाऱ्यांच्या पत्रात लिहीत नाही. शिवाय पुढचं एक चाक केसभर वर ठेवलं, जमिनीला न टेकणारं. तेवढंच घर्षण कमी.

"म्हणजे रिक्षाच की," मी म्हटलं. उत्तर आलं नाही.

मनूच्या वाट्याला रंग आला, कान आले, मिशा आल्या. डावीकडची मिशी लांब झाली, तर म्हणाली, तो तिकडे बघतोय. सुतळीची शेपूट लावली आणि पुढ्यात मातीचा मोदक ठेवला.

आदल्या संध्याकाळी तपासणी. शेपटीमुळे लांबी सात इंचांवर गेली, म्हणून ती पाठीवर वळवून चिकटवली. मग वजन. घरच्या काट्यावर बरोबर पाच, तिथल्या काट्यावर 5.1. टंगस्टन काढायला चिरंजीव तयार होईनात. रांग खोळंबली. मनूनं शांतपणे मोदक उपटला. काटा पाचावर आला. "उंदरानं खाल्ला," तिनं तपासनिसांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनीही गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली.

शर्यत म्हणाल तर तीनेक सेकंदांत खलास. सेकंदाचा हजारावा भाग मोजायला कॉम्प्युटर! आपला उंदीर मधल्या फळीत राहिला. एका फेरीत पहिला आला, कारण शेजारच्या गाडीचं चाक निघालं. मनू ते चाक शोधायला बाकाखाली शिरली, त्यामुळे आपण जिंकलो हे तिला पिझ्झा खाताना कळलं. बाप लोक मात्र पिझ्झा सोडून, लग्नाच्या याद्या करायला बसलेल्या मंडळींसारखे, उताराभोवती गंभीर होऊन उभे.

पुढच्या वर्षी मोठ्यांची वेगळी शर्यत आहे. चिरंजीवांनी नाव देऊन टाकलं. मनूनं बजावलं, "बाबा, मी मदत करणार नाही हं. आपली आपण करायची असते."

अप्पा, तुम्ही पाठवलेला गरुडाचा नकाशा पोचला. मनू खूश आहे. पण रुंदी पावणेतीन इंचांच्या वर चालत नाही, तेव्हा पंख तेवढ्यात बसवून पुन्हा पाठवा. आणि आई, कुणी इकडे येणारं असलं तर मेतकूट पाठवाल का? ओट्यावरची बरणी उघडी राहिली होती, आता त्यात ग्रॅफाइट किती आणि मेतकूट किती हे कळायला मार्ग नाही.

तुमची,
सूनबाई