देव गप्प, नाक चालू

देवाच्या अस्तित्वाबद्दल शंका घ्यायची तर अंगात ताप नसावा, असं माझं प्रांजळ मत आहे. डोकं ठणकत असताना माणूस नास्तिक झाला, तर तो विचारानं झाला की सर्दीनं, हे ठरवायचं कुणी? इंगमार बर्गमननं ‘विंटर लाइट’मध्ये नेमका हाच घोळ घालून ठेवला आहे. १९६३ सालचा हा स्वीडिश सिनेमा. त्यातल्या टोमास नावाच्या पाद्र्याची श्रद्धा आटली आहे आणि त्याच वेळी त्याला सडकून सर्दी झाली आहे. जेमतेम ऐंशी मिनिटांच्या सिनेमात देव एक अक्षर बोलत नाही. नाक मात्र चालू.

या सिनेमाचे भक्त नाकाचा उल्लेख सहसा टाळतात. ते ‘ईश्वराचं मौन’ म्हणतात आणि त्या मौनावर तासभर बोलतात. फिल्म सोसायटीत हा सिनेमा संपल्यावर दिवे लागले की निम्मी मंडळी चपला शोधतात आणि उरलेली ‘अवकाश’ शोधतात. म्हणून मी तो घरी, आत्याबरोबर बघितला. आत्या एकादशी सोडत नाही, कीर्तनात पहिल्या रांगेत बसते, आणि सिनेमा डोळ्यांइतकाच तोंडानंही बघते.

सुरुवातीची दहा-बारा मिनिटं नुसती प्रार्थनासभा. मिट्सुंडा गावचं चर्च, बाकांवर मूठभर माणसं, बाहेर बर्फ. ऑर्गन वाजवणारा हळूच घड्याळ बघतो.

“आमचा पेटीवाला अस्साच,” आत्या म्हणाली. “बुवा रंगात आले की ह्याचा डोळा शेवटच्या बसकडे.”

इथेच मला खात्री पटली की सिनेमा तिला कळतोय. आम्ही जाणकार त्या वेळी उजेडाकडे बघत होतो. बघण्यासारखा आहेच तो. बर्गमन आणि त्याचा छायालेखक स्वेन न्यूक्विस्ट हिवाळ्यात चर्चमध्ये जाऊन बसले आणि दुपारपर्यंत उजेड कसा बदलतो एवढंच बघत राहिले. दोन कर्ते पुरुष कामाच्या वेळी भिंतीवरचं ऊन बघत बसतात आणि त्याला काम म्हणतात! मी हे घरी करून पाहिलं आहे. मान्यता मिळाली नाही.

मग योनास येतो. कोळी माणूस, बायको गरोदर. चीन अणुबाँब करणार हे वाचल्यापासून त्याला जगण्यात राम वाटेनासा झालाय. स्वीडनमधल्या कोळ्याला चीनची धास्ती! १९६३ साली ही धास्ती आपल्याकडे कुणालाही समजावून सांगावी लागली नसती. (आणि पुढच्याच वर्षी चीननं बाँब फोडून दाखवला.) टोमासनं त्याला धीर द्यायचा, तर तो स्वतःचंच गाऱ्हाणं मांडतो: देव कसा आपल्या सोयीचा होता, बायको गेल्यावर कसं सगळं पोकळ झालं. योनास बिचारा ऐकून घेतो. निघून जातो. आणि नदीकाठी स्वतःला गोळी घालतो. तिथे नदीच्या पाण्याच्या घोंघाटात कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही. आत्याही बराच वेळ बोलली नाही.

मेर्टा ही गावची शिक्षिका. ती टोमासवर जीव टाकते, देव मानत नाही, आणि त्याला लांबलचक पत्र लिहिते. तो ते उघडतो, आणि बर्गमन कॅमेरा थेट तिच्या चेहऱ्यासमोर ठेवून देतो. पाचसहा मिनिटं इंग्रिड थुलिन आपल्याकडे बघून पत्र बोलते. तिच्या हातांना इसब झालं होतं आणि प्रार्थना करणं ज्याचा पेशा, त्यालाच किळस आली होती, हे ती सांगते. बघणाऱ्याला मान वळवायला जागा नाही. पुढे शाळेच्या वर्गात टोमास तिला ती का नकोशी आहे याची कारणं एकेक करून ऐकवतो. अधू नजर, इसब, काही म्हणून सोडत नाही.

“ह्याला आधी काढा द्या,” आत्या कडाडली, “आणि मग दोन थोबाडीत.”

टोमास झालेला गुन्नार ब्योर्नस्त्रांद विनोदी भूमिकांतला कसलेला नट होता, हे विसरू नये. रुमाल कधी काढायचा हे त्याला बरोबर कळतं. कोरड्या चेहऱ्याचा असा विनोद मी क्वचितच पाहिला आहे. हसू येतं आणि लगेच आपलीच लाज वाटते.

सगळ्यात शहाणं बोलतो तो चर्चचा सेवेकरी, आल्गोत. रेल्वेतली नोकरी करताना अपंग झालेला, पाठीत बाक. तो म्हणतो, ख्रिस्ताच्या शारीरिक यातनांचं फार झालं. तेवढं तर मलाही दुखलंय. खरा छळ तो, की शिष्य झोपले, पळाले, आणि शेवटी बापानंही टाकलं असं वाटलं. एवढं शास्त्र शिकलेला टोमास यावर फक्त “हो” म्हणतो.

बर्गमनच्या तेव्हाच्या पत्नीनं, पियानोवादक केबी लारेतेईनं, कृती थोर आहे पण भलतीच रुक्ष आहे असा निर्वाळा दिला होता. बर्गमननंच ते सांगून ठेवलंय. मला वाटतं, ती शेजारी बसून बोलत राहिली असती तर रुक्षपणा निम्मा झाला असता.

शेवटी टोमास दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये पोचतो. बाकावर फक्त मेर्टा, म्हणजे नास्तिक. सर्दी आहेच. तरी तो उपासना सुरू करतो.

“रजा का टाकत नाही हा?” आत्यानं विचारलं.

मी तिला बर्गमनच्या वडिलांची गोष्ट सांगितली. ते पाद्रीच. म्हातारपणी एका रविवारी बापलेक कुठल्याशा चर्चमध्ये गेले, तर तिथल्या पाद्र्यानं आजारपणाचं कारण सांगून विधी आटोपता घ्यायचं ठरवलं. म्हातारबुवा स्वतः आजारी, तरी उठून आत गेले, आणि मग सगळा विधी यथासांग पार पडला. सिनेमाचा शेवट बर्गमनला तिथे सापडला.

“बापाचा सिनेमा केला असता तर बरं झालं असतं,” आत्या म्हणाली. “ह्याच्या पुढचा आहे का?”

“आहे ना. तीन सिनेमांतला हा मधला.”

“पुढच्यात तरी देव बोलतो?”

“त्याचं नावच ‘द सायलेन्स’ आहे, आत्या. त्यात माणसंही फारशी बोलत नाहीत.”

“मग लाव की,” ती पाय वर घेऊन बसली. “निदान मला मधे मधे बोलता तरी येईल.”