आग्रा रोडवरून सुटका

शीव ते ठाणे हा रस्ता पूर्वी आग्रा रोड होता. नंतर त्याला लालबहादूर शास्त्रींचं नाव दिलं आणि आपण लगेच ‘एलबीएस’ म्हणून मोकळे झालो. साध्या राहणीच्या पंतप्रधानांच्या नावावर किती मॉल उभे राहू शकतात, ते इथे येऊन पाहावं. एकेकाळी कुर्ल्यात प्रीमियरची पद्मिनी बनायची आणि पुढे भांडुप-मुलुंडपर्यंत कारखान्यांचे भोंगे वाजायचे. कारखाने गेले, टॉवर आले. भोंग्यांची उणीव हॉर्न भरून काढतात, तेही तिन्ही पाळ्यांत. लांब पल्ल्याच्या गाड्यांना पूर्व द्रुतगती महामार्ग दिला. इथे उरलो आपण, जवळच जायचं असूनही न पोहोचणारे. पावसाळ्यात कुर्ल्याला मिठी नदी स्वतः रस्त्यावर भेटायला येते. शिवाय घाटकोपरपासून पुढे मेट्रो ४चे खांब आहेतच. तिला राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी २०१६ची. तेव्हा पहिलीत गेलेली पोरं एव्हाना दहावीच्या वयाची झाली. शिवाजी महाराज १६६६ साली आग्ऱ्याहून सुटले, पण त्यांना भांडुपचा सिग्नल लागला नव्हता. घाटकोपरहून मुलुंडला वेळेत पोहोचायचं असेल, तर मुकाट्याने लोकल पकडा.