टवका न उडालेली गोटी

‘आम्ही काय गोट्या खेळत बसलो होतो का?’ असं बारामतीकडं कुणी डाफरलं, तर समजावं की माणूस कामात होता. गोट्या जमवणाऱ्याला मात्र हे वाक्य लागू पडत नाही, कारण तो गोट्या खेळतच नाही. ‘नाना, तुम्ही अजून पोरच राहिलात,’ असं लोक म्हणतात आणि तिथंच फसतात. पोर गोटी डावाला लावतं, हरतं आणि रडत रडत कोपरानं ती गलीपर्यंत ढकलत नेतं. नाना गोटी मऊ फडक्यानं पुसतात, व्हर्नियरनं मोजतात, वहीत चढवतात. तलाठ्याच्या दप्तरापेक्षा ही वही चोख. फेरफाराची नोंद त्याच दिवशी होते.

खरं तर संग्राहक हा खेळाडूच्या अगदी उलटा माणूस, आणि याचा पुरावा त्याच्याच भिंगाखाली सापडतो. त्याच्या लेखी गोटीची किंमत टवक्यावर ठरते. ज्या पठ्ठ्यानं अख्खी आळी जिंकली, त्याची गोटी टोले खाऊन खरबरीत झालेली. तिला भाव शून्य. हरायच्या धास्तीनं ज्यानं गोटी चड्डीच्या खिशाबाहेर काढलीच नाही, त्याची आज मखमलीवर बसलीय. पेटी सगळी भित्र्यांची, आणि नाना गप्पा मारणार नेमबाजांच्या! आता तर बारामतीत जिकडं बघावं तिकडं पेव्हिंग ब्लॉक. टाचेनं गल कुठं पाडणार? त्यामुळं नव्या गोट्या दुकानातून निघतात तशाच कोऱ्या राहतात, आणि नाना खूश.

कुणी म्हणेल, हा सगळा पैशाचा खेळ. जर्मनीतल्या लाउशाच्या जुन्या गोट्यांना परदेशी लिलावात भाव येतो, हे खरं. रंगीत काचेच्या कांडीवरून त्या कात्रीनं तोडत, म्हणून टोकाला खूण राही. नाना तिला ‘बेंबी’ म्हणतात. 1905 साली अमेरिकेत ॲक्रनच्या मार्टिन ख्रिस्तेन्सेनला गोट्यांच्या यंत्राचं पेटंट मिळालं आणि यंत्राच्या गोटीची बेंबी गेली. पण बारामतीत गुंठाभर जमिनीला दहा गिऱ्हाइकं, बेंबीला एक नाही. ‘मग सोड्याच्या साध्या गोटीत काय बघता?’ हा आक्षेप जास्त वजनदार. हायरम कॉडच्या 1872 च्या बाटलीत गॅसच गोटीला तोंडाच्या रबरावर दाबून धरतो. बाटली फोडल्याशिवाय गोटी हाती येत नाही. म्हणजे गोटी शाबूत, तर बाटली गेली. काचेवर रंग नाही, नक्षी नाही. नाना जपतात तो फक्त गुन्ह्याचा मुद्देमाल.

एक आक्षेप मात्र मला पुरता खोडता येत नाही. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की इंदापूर तालुक्यात पळसदेवचं बुडालेलं देऊळ बघायला गर्दी होते. सगळे शिखराकडं बघतात, नाना गाळाकडं. तिथं मिळालेल्या गोटीला टवके सतरा. नियमानं ती फेकायची. नाना ती घरी आणतात, धुतात, आणि मखमलीच्या पेटीत नाही, सदऱ्याच्या खिशात ठेवतात. वहीत तिची नोंद नसते.