अंड्याचा ठराव

महाराष्ट्र शासनाने अंड्याच्या बाबतीत जी दूरदृष्टी दाखवली, तिला आमचा दंडवत. २०२३च्या नोव्हेंबरात शासनाला साक्षात्कार झाला की शाळेत खिचडी खाणाऱ्या पोरांना प्रथिनं कमी पडतात. निर्णय निघाला. आठवड्यातून एकदा एक अंडं, जो खात नाही त्याला केळं, अंड्यामागे ५ रुपये. पोरं अंड्याचा वार लक्षात ठेवायला लागली. त्या दिवशी पट आपोआप भरायचा, गुरुजींना हाकारे घालत वस्तीवर फिरावं लागायचं नाही.

मग २०२५च्या जानेवारीत दुसरा साक्षात्कार झाला. अंडी बंद झाली असं म्हणणं हा विरोधकांचा कांगावा आहे. अंडी चालूच आहेत, बंद झालेत ते फक्त अंड्यांचे पैसे. अंडा पुलाव जरूर करावा, नाचणीचं सत्त्वही करावं, त्यात साखरही घालावी. त्यासाठी लागणारा निधी मात्र शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून उभा करावा.

या अंड्यांचा खर्च वर्षाला सुमारे ५० कोटी असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला, तो ७ लाख कोटींचा. शून्यं मोजता मोजता आमचा डोळा लागायचा, म्हणून त्रैराशिक मांडलं. लाख रुपयांमागे सात रुपये. किराणा दुकानात सुटं एक अंडं घ्यायला गेलात तर साधारण तेवढेच पडतात. म्हणजे लाख रुपये खिशात टाकून बाजाराला निघालेल्या गृहस्थाने एका अंड्याच्या किमतीला हात आखडला. याला आम्ही वित्तीय शिस्त म्हणतो. पोटापासून सुरू होते ती शिस्त खरी, फक्त पोट दुसऱ्याचं असावं लागतं.

तर हुकमाबरहुकूम एका गावात समितीची बैठक बसली. गाव कुठलंही धरा. शाळा जिल्हा परिषदेची, पट चौदा. गुरुजी पदसिद्ध सचिव, म्हणून कोऱ्या रजिस्टरावर समास आखून बसलेले.

“विषय पहिला, अंडी,” गुरुजी म्हणाले. “वर्गणी काढायची आहे.”

“कुणाकडनं?” अध्यक्षबाईंनी विचारलं. त्या स्वतः खुरपणीवरून हात धुऊन आल्या होत्या.

“लोकांकडून. लोकसहभाग.”

“लोक म्हंजे आम्हीच की. ज्यांच्याकडं पैसा हाय, त्यांची पोरं तालुक्याला पिवळ्या गाडीतनं जातात. ती काय हितं अंडं खायला येत न्हाईत. इथं जी खातात, ती आमची. म्हंजे आमच्याच पोराला आम्हीच अंडं द्यायचं, अन् त्याला योजना म्हणायचं?”

गुरुजींनी “चर्चा झाली” एवढंच लिहिलं. अनुभवी माणूस.

“गुरुजी,” मागून एकजण म्हणाला, “मोबाइलला रिचार्ज मारला की अठरा टक्के जीएसटी कापतात. तो सहभाग धरत न्हाईत का?”

“तो कर.”

“अन् ही?”

“ही वर्गणी.”

“मग कराचं काय करतात?”

हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्यामुळे नोंदवला गेला नाही.

तोडगा सरपंचांनी काढला. प्रत्येक घरातून आठवड्याला एक अंडं जमा करायचं. त्यावर एका पालकाने उभं राहून सांगितलं की माझ्या घरी दोन कोंबड्या, त्यातली एक खुडूक आहे. शिवाय त्याला वेगळीच धास्ती होती. खुराड्यात वीसच्या आत पट भरला, तर उद्या आमच्या कोंबड्या समूह खुराड्यात हलवणार नाहीत ना?

हसू नका, तो अनुभवावरून बोलत होता. २०२३मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात चौदा हजारांवर निघाल्या आणि त्यात शिकणारी मुलं पावणेदोन लाखांहून जास्त. या शाळा बंद करणार नाही, असं खातं म्हणालं, आणि त्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. शाळा नुसती दुसरीकडे जाते. मुलंही तिच्या मागे जातात, ओढा उतरलेला असला तर. सातवीपर्यंत ओढा ओलांडायला शिकलेलं पोर पुढे आपत्ती व्यवस्थापनात नाव काढील, हा कौशल्य विकासही हिशोबात धरायला हवा.

बरं, हीच छोटी शाळा एरवी सरकारला फार प्रिय असते. २०२४च्या फेब्रुवारीत नियम काढला की खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेने शिक्षणहक्काच्या २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. गरिबाच्या पोराला इंग्रजी शाळेच्या फाटकावर अडवायचं असेल तेव्हा जिल्हा परिषदेची शाळा अगदी जवळ असते. चालवायची वेळ आली की तीच शाळा परवडत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत हा नियम रद्द केला. न्यायालयांना विनोदाचं अंग कमी, दुसरं काय.

गुरुजींबद्दलही शासनाने विचार केला होता. २०२४च्या सप्टेंबरात ठरलं, कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमावा, मानधन १५ हजार. १८८२मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षकाला किमान बारा रुपये पगार द्या, असं सांगितलं होतं. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर जातो, हेही त्यांनी साहेबाला तोंडावर ऐकवलं. त्यांचे पुतळे आपण उगाच उभारले नाहीत. पुतळ्याला निवेदन देता येत नाही.

शाहू महाराजांचं तर विचारूच नका. १९१७मध्ये त्यांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. शंभर वर्षांत आपण किती पुढे आलो पाहा: तेव्हा पोरगं शाळेत आलं नाही तर पैसे पडायचे, आता आलं तर पडतात.

बैठकीत एकाने सरकारच्या शाळा दत्तक योजनेचाही विषय काढला. पन्नास लाख दिले की पाच वर्षं, एक कोटी दिले की दहा वर्षं शाळेला आपलं नाव जोडता येतं. हा दर ग्रामीण भागाचा, मुंबई-पुण्याकडे भाव चढा आहे. पण चौदा पोरांच्या शाळेला दत्तक घ्यायला गावात अजून कुणी गाडी घेऊन आलेलं नव्हतं. गाडीला रस्ताही नव्हता म्हणा.

शेवटी अध्यक्षबाईंनी स्वतःच ठराव सांगितला आणि गुरुजींनी तो सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला:

“राज्याच्या तिजोरीची अवस्था पाहता ही समिती असे ठरवते की, यापुढे मंत्रालयातील बैठकांचा चहा, काजू आणि बिस्किटे लोकसहभागातून द्यावीत, व त्यासाठी उपस्थित अधिकाऱ्यांनी आपापल्या घरून डबे आणावेत. मंत्र्यांचे बंगले रंगवण्यासाठी बंगल्यातील रहिवाशांची व्यवस्थापन समिती नेमावी. तसेच विधानसभेत रात्री उशिरा चर्चा चालू असताना पट वीसच्या खाली गेल्यास सदर सभागृहाचे शेजारच्या राज्यातील सभागृहात समायोजन करावे. सदस्यांच्या ये-जा करण्यासाठी एसटीची सोय करावी. एसटी नसल्यास चालत जावे.”

सूचक, दोन कोंबड्यांचे मालक. अनुमोदक, उपस्थित सर्व. ठराव एकमताने मंजूर.

“याचा फोटो काढून अपलोड करायला लागेल,” गुरुजी म्हणाले, आणि रेंज शोधायला रजिस्टर घेऊन शाळेच्या पत्र्यावर चढले. खालून अध्यक्षबाईंनी पुढचा विषय वाचायला घेतला: मुलींच्या शौचालयाच्या कडीसाठी लोकसहभाग.