आधी काटा, मग टायर

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की टेक्सासातल्या ओळखीपाळखीतून एक फोन हमखास येतो. "ट्रेलरचे टायर बदलायचेत. कुठल्या कंपनीचे घेऊ?"

मी विचारतो, "ट्रेलरचं वजन किती आहे?"

पलीकडे शांतता.

पिकअप ट्रकला मागे जोडून ओढायचं हे चाकांवरचं घर. घेताना आतला फ्रीज उघडून पाहिला, शेगडी पेटवून पाहिली, पलंगावर आडवं होऊन पाहिलं. खाली वाकून चार चाकं मात्र कुणी पाहिली नाहीत. आणि आता पायाचा नंबर माहीत नसताना चपलेची कंपनी विचारायची!

"दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलंय ना वजन," असं उत्तर कधीकधी येतं. ती मर्यादा आहे. यापेक्षा जास्त भरू नका, एवढंच तो स्टिकर सांगतो. तुम्ही किती भरलंय, ते त्याला कसं कळणार?

पन्नास गॅलन पाण्याची टाकी भरली की १८९ किलो वाढले. मग गॅसच्या दोन टाक्या, सायकली, खुर्च्या, तंबू. आपल्या घरातलं असेल तर तांदळाची मोठी पिशवी, दोन कुकर आणि इडलीचं पीठ वाटायचा दगडी ग्राइंडरसुद्धा. सुट्टी चार दिवसांची, सामान वर्षाचं.

हायवेवरच्या ट्रक थांब्यांवर वजनकाटे असतात. पंधरा मिनिटं लागतात, खर्च एका पिझ्झापेक्षा कमी. तरी दहातले नऊ ट्रेलरवाले आयुष्यात एकदाही तिथे चढत नाहीत, अशी माझी खात्री आहे.

गेल्या मे महिन्यात एका मित्राला मी ओढतच नेलं. ट्रक थांब्यावरचा काटा अ‍ॅक्सलचं एकत्र वजन देतो, डावं-उजवं वेगळं सांगत नाही. म्हणून आम्ही खडीच्या डेपोवर गेलो. तिथल्या माणसाला विनंती केली आणि एका वेळी एकाच बाजूची चाकं काट्यावर घेतली. चारही चाकांवर मिळून ८,२४० पौंड. मित्र खूश. त्याच्या प्रत्येक टायरची क्षमता २,५४० पौंड, चौघांची मिळून १०,१६०. "बघ, दोन हजार पौंड शिल्लक आहेत!"

मग दोन बाजूंचे आकडे वेगवेगळे पाहिले. उजवीकडे ३,६२०. डावीकडे ४,६२०.

डाव्या बाजूला स्वयंपाकघर होतं. ओटा, फ्रीज, बाहेर सरकणारी भिंत, भरलेली कपाटं, सगळं त्याच अंगावर. तिथल्या प्रत्येक टायरवर २,३१० पौंड पडत होते. दोन हजारांची शिल्लक प्रत्येक टायरमागे २३० वर आली. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "ग्राइंडर उजवीकडे ठेवते." त्या दिवसातलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच.

खरा धक्का पुढे होता.

२,५४० हा आकडा टायरमध्ये ६५ पौंड दाबाची हवा असेल तरच खरा. मित्राच्या टायरमध्ये ५० होती. "गाडी कमी उसळते म्हणून" त्याने मुद्दाम कमी ठेवली होती. ५० पौंडाला त्याच मापाचा टायर २,१५० पौंडच पेलतो. म्हणजे नवे, काळेकुळकुळीत, नक्षी शाबूत असलेले दोन टायर हजारो मैल क्षमतेबाहेर धावत होते. वर कुणी जास्त सामान भरलेलं नव्हतं. खाली हवा कमी होती, इतकंच.

हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त वळते, तापते. उष्णतेने आतले थर सुटायला लागतात. फुटतो तो शेवटच्या क्षणी, पण मरायला आठवड्याभरापूर्वीच लागलेला असतो. लोक मात्र खिळा शोधत बसतात.

आणि हवा मोजायची ती सकाळी, गाडी हलण्याआधी. दुपारी तापलेल्या टायरमध्ये आकडा चढलेला दिसतो, म्हणून हवा सोडणारे महाभाग मी डोळ्यांनी पाहिलेत. ती चढणार हे गृहीत धरूनच टायर बनवलेला असतो. सोडलेली हवा रात्री कोण परत आणून भरणार?

आता निवडीकडे येऊ. टायरच्या मापाआधी दोन अक्षरं असतात. एसटी. आपली लालपरी इथे डोळ्यासमोर आणू नका. स्पेशल ट्रेलर असा त्याचा अर्थ. एलटी म्हणजे हलक्या ट्रकचा. पी म्हणजे कारचा.

कारचा टायर ट्रेलरला लावला तर त्याची क्षमता १.१० ने भागून कमी धरायची, असं अमेरिकेचा नियमच सांगतो. तरीही "गॅरेजमध्ये चार पडले होते" म्हणून लावणारे आहेतच.

दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर मागे घेताना एकदा बाहेर उभं राहून बघा. चालकाला हे कधी दिसत नाही. गाडी तिरपी वळते, पुढचं चाक एकीकडे ओढलं जातं, मागचं दुसरीकडे. दोन्ही सरळच बसवलेली, वळायला मोकळी नाहीत. मग टायर खडीवर घासत, किरकिरत आडवा सरकतो, रिम एका बाजूला जाते आणि रबर दुसऱ्या बाजूला राहतं. ओला कपडा पिळावा तशी टायरची बाजू पिळली जाते. ते बघितलं की एसटीची बाजू जाड आणि ताठ का करतात, ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून मी एसटीच्या बाजूचा आहे. पण डोळे उघडे ठेवून.

कारण एसटीवरचा मोठा आकडा फुकट मिळालेला नाही. सोळा इंची रिमचा, २३५ रुंदीचा, भारक्षमतेच्या ई श्रेणीचा एलटी टायर ८० पौंड हवेला ३,०४२ पौंड पेलतो. त्याच रुंदीचा आणि श्रेणीचा एसटी ३,४००च्या पुढे जातो. रबर काय जादूचं आहे? एसटी हळू धावणार, असं गृहीत धरून तो आकडा दिलेला. वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जुन्या हिशेबाने एसटीची वेगमर्यादा ताशी ६५ मैल, म्हणजे साधारण १०५ किलोमीटर.

पश्चिम टेक्सासात महामार्गावर ८० मैलांची पाटी असते.

पाटी रस्त्यासाठी आहे. तुमच्या टायरला ती वाचता येत नाही. हल्लीच्या बऱ्याच एसटी टायरवर वेगाचं अक्षर असतं. एल म्हणजे ७५ मैल, एम म्हणजे ८१. ते अक्षर वाचून घ्या आणि तरीही ६५च्या आसपास राहा. मुलांना ग्रँड कॅनियन जरा उशिरा दिसला तर काय बिघडतं?

"दहा प्लायचा दे" अशी ऑर्डर दुकानात रोज ऐकू येते. त्या टायरमध्ये दहा थर नसतात. सुती धाग्याच्या जमान्यातली ती मोजणी, आजच्या रेडियलला ताकदीची खूण म्हणून चिकटून राहिली आहे. ई श्रेणी म्हणजे दहाचं रेटिंग, डी म्हणजे आठचं. थर मोजू नका, श्रेणीचं अक्षर आणि पौंडांचा आकडा वाचा.

मित्राला मी ई श्रेणीच घ्यायला लावली. माप तेच, १५ इंची. ८० पौंड हवेला २,८३० पौंड. डाव्या बाजूला प्रत्येक टायरमागे ५२० पौंडांची उसंत मिळाली. दुकानदार लगेच टायर चढवायला निघाला. थांब बाबा! रिम ८० पौंड सोसणारी आहे का? आकडा रिमच्या मागच्या अंगाला ठोकलेला असतो, आतून बॅटरी मारून बघावा लागतो. आणि हवा भरायचा तो साधा रबरी व्हॉल्व्ह? तो ६५ पौंडांपर्यंतचाच. चार मोठे टायर विकणाऱ्या माणसाला काही डॉलरचा धातूचा व्हॉल्व्ह आठवत नाही, तेव्हा आपणच आठवण करायची.

मग येतो लोकांचा आवडता विषय. चायना बॉम्ब. स्वस्त चिनी ट्रेलर टायरना इथे पडलेलं हे नाव. काही टायर वाईट असतीलही. पण ज्याने हवा मोजली नाही, वजन केलं नाही आणि ऐंशीने गाडी हाणली, त्याने देशाचं नाव घेऊन मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही.

बोट दाखवायचंच तर जरा वर दाखवा. २००० साली फायरस्टोनला तब्बल ६५ लाख टायर परत बोलवावे लागले. माणसं मेली होती. त्यातून नवा कायदा आला, कारच्या टायरच्या चाचण्या कडक झाल्या. त्या नव्या मानकातून एसटी टायर वगळले गेले, ते जुन्याच मानकात राहिले. हवा कमी झाली की दिवा लावणारी यंत्रणा नव्या गाड्यांना सक्तीची झाली, ट्रेलरला नाही. ज्याच्यावर जास्त ओझं, त्यालाच कमी राखण. हे चूक आहे, आणि बदलायला हवं.

तोवर ती यंत्रणा स्वतः विकत घेऊन लावा. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरमध्ये एका टायरची हवा गेली तरी पुढे बसलेल्याला पत्ता लागत नाही. शेजारचा टायर त्याचंही ओझं मुकाट उचलतो. दहा-वीस मैल दुप्पट भार वाहतो. तुम्ही थांबता, फुटलेला बदलता, पुढे निघता. पंधरा दिवसांनी तो शेजारी फुटतो. मग म्हणायचं, नशीबच खराब!

एक फुटला की त्याच्या जोडीदारालाही निरोप द्या.

फुटलेला टायर एकटा जात नाही. सुटलेला पट्टा चाबकासारखा फिरतो, ट्रेलरची जमीन खालून फाडतो, वायरी तोडतो, गॅसची नळी जवळून गेली असेल तर तीही. टायरमध्ये वाचवलेले शंभर डॉलर असे फेडावे लागतात.

आणि वय. ट्रेलरचा टायर झिजून क्वचितच मरतो. तो अंगणात उभा राहून म्हातारा होतो. रबरातलं संरक्षक मेण टायर फिरला, वाकला की पृष्ठभागावर येतं. दहा महिने एका जागी उभा असलेला टायर ऊन आणि हवा सोसत तडकत जातो, नक्षी मात्र कालची वाटते. जुना ट्रेलर विकणारा त्यावर चकचकीत काळं पॉलिश मारतो, आणि घेणारा नक्षीत नाणं घालून खोली मोजतो.

टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ३५१८ म्हणजे २०१८चा पस्तिसावा आठवडा. नवा म्हणून विकलेला टायर दुकानात दोन वर्षं पडून असू शकतो, म्हणून पैसे देण्याआधी वाचा. सहा वर्षं झाली की माझ्यापुरता तो टायर संपला, नक्षी कितीही सुंदर असो.

हे आकडे पुण्यातल्या, नागपुरातल्या कारच्या टायरवरही असतात. आणि टायर फुटला की तिकडेही दैवाकडेच बोट जातं. २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका कारचा मागचा टायर फुटला, गाडी खोल खड्ड्यात गेली, एक तरुण गेला. विमा कंपनी कोर्टात म्हणाली, ही देवाची करणी. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. टायर फुटणं हा माणसाचा निष्काळजीपणा आहे, असं स्पष्ट सांगितलं. भूकंप आणि न मोजलेली हवा यांना एकाच माळेत ओवायचं नाही.

मित्राचं काम एका शनिवारी पूर्ण झालं. चार टायर, चार धातूचे व्हॉल्व्ह, रिम तपासलेल्या. पन्नास मैल फिरवून आणल्यावर नट पुन्हा आवळले. वहिनींनी ग्राइंडर खरंच उजवीकडे हलवला होता. निघता निघता मी मागच्या बंपरवरच्या स्टेपनीचं कव्हर काढलं आणि धूळ पुसली. मित्राच्या पोराला म्हटलं, "वाच रे आकडे."

"दोन, दोन, एक, चार."

मित्राने चावी खिशात ठेवली आणि दुकानदाराला हाक मारली, "अजून एक आण."